नव्वद नंबरचे तेल

मित्रांनो, तुम्ही गाडीत पुढच्या सीटवर बसता तेव्हा मी तुमच्या पायांपासून फार लांब नसतो, तरी तुमच्यापैकी कोणी मला पाहिलेले नसेल. इंजिन बघायला लोक बॉनेट उघडतात. चाके रस्त्यावरच असतात. मी मात्र बॅटरीच्याही खाली, अंधारात बसून काम करतो. मी गिअरबॉक्स आहे, ऑटोमॅटिक जातीचा. माझ्याबरोबर बनलेले बरेचसे आता भंगारात गेले आहेत. मी अजून चालतो, आणि का चालतो तेच तुम्हाला सांगायचे आहे.

आधी माझे काम समजून घ्या. साध्या गाडीत डाव्या पायाने क्लच दाबायचा आणि हाताने गिअर बदलायचा, असे असते. माझ्या गाडीत क्लचचे पेडलच नाही. गिअर मी स्वतः बदलतो. इंजिन आणि माझ्यामध्ये तेल असते. इंजिन ते तेल घुसळते आणि त्या जोरावर मी चाके फिरवतो. तेच तेल माझ्या आतल्या पातळ चकत्या दाबून धरते, तेच मला थंड ठेवते. हे तेल पाण्यासारखे पातळ आणि रंगाने लाल असते. दुसरे कोणतेही तेल मला चालत नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. ज्या खोलीत मला जोडले तिथे धुळीचा कण येऊ नये म्हणून कामगार डोक्याला टोप्या आणि पायांना पिशव्या घालत. पुढे मी गाडीत बसलो आणि नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका डॉक्टरांकडे आलो. सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. सिग्नलला गाडी थांबली की डॉक्टर शेजारच्याला म्हणत, "बघा, डाव्या पायाला काही कामच नाही." माझा दांडा दोन सीटांच्या मधे आहे. वर चाललेले बोलणे त्यातून माझ्यापर्यंत उतरते.

कौतुक ओसरले तशी काळजीही ओसरली. कुठल्याशा गॅरेजात कोणीतरी सांगितले, की ह्याचे तेल आयुष्यभराचे असते, बदलावे लागत नाही. कोणाच्या आयुष्यभराचे, हे डॉक्टरांनी विचारले नाही. लाल तेल तपकिरी झाले. डॉक्टरांनी नवी गाडी घेतली आणि आम्ही कुंपणाजवळ उभे राहिलो. टायरमधली हवा गेली. काचेवर कावळे बसू लागले.

डॉक्टरांनी गाडी विकायला काढली, टायरमध्ये हवा भरून घेतली, आणि एक दिवस ती बघायला रोशनी आली.

रोशनीला लहानपणी पोलिओ झाला होता. तिच्या डाव्या पायाला मांडीपर्यंत कॅलिपर असतो, म्हणजे पाय ताठ धरणाऱ्या लोखंडी पट्ट्या. ती कांद्याचे बियाणे विकणाऱ्या कंपनीत कामाला होती आणि मागे दोन जास्तीची चाके लावलेल्या स्कूटरवरून ऑफिसला जायची. ती सीटवर बसली, डावा पाय दोन्ही हातांनी उचलून आत घेतला आणि माझा दांडा ओढला. ब्रेकवरचा उजवा पाय उचलला तसा मी हळूच पुढे निघालो. तिने आवारात एक फेरी मारली. दुसरी मारली. डॉक्टर म्हणाले, "झालं का बघून?" ती म्हणाली, "अजून एक मारते." मला तेव्हाच कळले, की मी हिचा झालो.

डॉक्टरांनी गाडीचे माहितीपुस्तक प्लास्टिकच्या वेष्टनातून काढलेही नव्हते. रोशनीने ते परीक्षेला बसल्यासारखे वाचले. पहिल्याच महिन्यात माझे तेल बदलले. इतक्या वर्षांनी पातळ, लाल, ताजे तेल अंगात खेळले तेव्हा मला कारखान्यातले दिवस आठवले.

घरात तिचे वडील धोंडीराम आणि आई भागीबाई होत्या. वडिलांना ती आबा म्हणायची. आबांचे सारे आयुष्य एसटीच्या वर्कशॉपात गेले होते. बसचा गिअरबॉक्स डोळे मिटून उघडावा आणि डोळे मिटून जोडावा, असा त्यांचा हात. माझ्याबद्दल मात्र त्यांचे मत वाईट होते.

"क्लच नाही ती गाडी नव्हं," ते म्हणत. "तो पाळणा."

"मग रोज त्याच पाळण्यात बसून मंडईत कशाला जाता?" भागीबाई विचारत.

असे दिवस चालले होते. तेवढ्यात रोशनीच्या कंपनीत फिरतीची जागा रिकामी झाली. सटाणा, देवळा, कळवण, तिकडे सुरगाण्यापर्यंत गावोगाव जायचे, शेतात उतरून कांद्याची वाढ बघायची, शेतकऱ्यांशी बोलायचे. रोशनी शेतीची पदवीधर होती आणि इतकी वर्षे टेबलामागे बसून होती. ही जागा तिला मनापासून हवी होती. कंपनीने आठवड्याभरात उत्तर मागितले होते.

आबा त्याला तयार नव्हते. "सुरगाण्याच्या घाटात ही बंद पडली, तर काय करशील? चाक तरी बदलता येईल का तुला?"

"फोन करीन."

"कुणाला?"

"तुम्हाला तर नाही," रोशनी म्हणाली.

हे बोलणे गाडीतच झाले.

शेवटी आबांनी एक अट घातली. भागीबाईंच्या भाच्याचे लग्न इंदूरला होते. "इंदूरला घेऊन चल आम्हाला. वाटेत कुठं रखडली नाही, तर फिरतीबद्दल मी तोंड उघडणार नाही. रखडली, तर ऑफिसात बस आपली." रोशनी हो म्हणाली. खरे तर तिला कोणाची परवानगी लागत नव्हती. पण ज्याने आपल्याला कडेवर घेऊन शाळेत पोचवले, त्याला आपण एकटे जाऊ शकतो हे पटावे, असे तिला वाटत होते. तेव्हा मित्रांनो, त्या प्रवासात माझ्यावर काय सोपवले होते ते तुमच्या लक्षात आले असेल.

निघायच्या आदल्या दिवशी रोशनी ऑफिसला रिक्षाने गेली होती. आबा पार्किंगमध्ये आले. माझे एक रबरी सील जुने झाले होते आणि त्यातून थेंब थेंब तेल गळत होते. जाणत्या माणसाच्या नजरेतून ते सुटले नाही. त्यांनी माझी तेल मोजायची पट्टी ओढून पाहिली. तेल थोडे कमी होते. आबा तसेच उठले आणि नाशिकच्याच द्वारका चौकाजवळच्या ओळखीच्या दुकानातून नव्वद नंबरचे तेल घेऊन आले.

नव्वद नंबरचे तेल म्हणजे एसटीच्या गिअरबॉक्सचे तेल. काकवीसारखे दाट, पिवळसर, उग्र वासाचे. बसच्या जाडजूड दात्यांना ते उत्तम. आबांनी आयुष्यभर गिअरबॉक्स म्हटले की तेच ओतले होते. पट्टीच्या अरुंद नळीतून ते दाट तेल खाली उतरायला वेळ लागत होता. आबा नरसाळे धरून उन्हात उभे राहिले. "चल बाबा," ते मला म्हणाले, "पोरीची लाज राख."

मला बोलता आले असते तर मी तेव्हाच ओरडलो असतो. लक्षात घ्या, अट आबांनीच घातली होती. आपली लेक हरावी असे त्यांना जरासुद्धा वाटत नव्हते. पण तिला विचारले तर ती गाडीला हात लावू देणार नाही, म्हणून त्यांनी विचारले नाही, आणि नंतर सांगितलेही नाही. तेल वाईट नव्हते. ते माझे नव्हते, एवढेच.

रविवारी सकाळी आम्ही निघालो. ओझरपर्यंत मी कसेबसे निभावले. पिंपळगावच्या पुढे माझे गिअर उशिरा पडू लागले. दाट तेल अरुंद वाटांतून वेळेवर पोचत नव्हते आणि त्याला फेस येऊ लागला होता. चांदवडच्या चढाला इंजिन जोरात ओरडले; गाडी मात्र तेवढी पुढे सरकली नाही. माझ्या चकत्या घसरत होत्या.

रोशनीने लगेच ओळखले. "आबा, हा घसरतोय."

"घसरणारच. क्लच नाही ना त्याला."

"कालपर्यंत नव्हता घसरत."

"कालपर्यंत चांदवडचा चढ नव्हता," आबा म्हणाले. ते खोटे बोलत नव्हते. आपण तर तेल पुरेपूर भरले आहे, तेव्हा दोष ह्या जातीतच असणार, असे त्यांना अगदी मनापासून वाटत होते.

राहुड घाटाच्या उतारावर आबा म्हणाले, "न्यूट्रलला टाक आणि सोड मोकळी, जरा गार होईल."

"नाही आबा. धावत्या गाडीत न्यूट्रल केलं तर ह्याला तेल कमी मिळतं."

"बरं, तू शहाणी."

घाट संपला आणि मी माझ्या हातात असलेली एकच गोष्ट केली. समोरच्या काचेखाली लाल दिवा लावला. उमराण्याच्या अलीकडे, कांद्याच्या बाजारापाशी, रोशनीने गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केले.

"रखडली," आबा म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद नव्हता.

आपल्याकडे रस्त्यात बंद पडलेली गाडी फार वेळ एकटी राहत नाही. लहानू नावाचा तरुण ट्रॅक्टर घेऊन चालला होता, तो थांबला. त्याच्या मागे मोटारसायकलवरचे दोघे थांबले. पहिला उपाय सगळ्यांना पाठ होता.

"धक्का मारू. सेकंडला टाका, ताई."

"ह्याला सेकंड नाही. धक्क्यानं चालू होत नाही ही," रोशनी म्हणाली.

"आयला, धक्क्यानं चालू होत नाय? मंग घेतली कशापायी?"

मोटारसायकलवाले हसले. मागच्या सीटवरून भागीबाई म्हणाल्या, "तुझा ट्रॅक्टर बंद पडला की इथनं जाताना आम्हीबी विचारू हो, कशापायी घेतला."

"बरोबर हाय, मावशी," लहानू म्हणाला आणि ट्रॅक्टरमागून जाड दोर काढून आणला. "चला, मालेगाव काय लांब नाय. ओढून नेतो. चहा पाजा म्हंजे झालं."

मित्रांनो, त्या दोराने जेवढे भय मला वाटले तेवढे कशानेच वाटले नव्हते. इंजिन बंद असले की माझे तेल खेळत नाही. पुढची चाके माझ्याशी जोडलेली. ती जमिनीवर ठेवून मला मालेगावपर्यंत ओढले असते, तर माझे सारे आतले भाग कोरडे फिरत जळून गेले असते. नवा गिअरबॉक्स घालण्याइतकी आमच्या जुन्या गाडीची किंमत नव्हती. गाडी विकली गेली असती, आणि रोशनी पुन्हा टेबलामागे.

"दोर लावू नका," रोशनी म्हणाली. "ही ओढायची नसते. पुस्तकात स्पष्ट लिहिलंय."

"पुस्तकात!" आबा उतरले. "अगं, किती एसट्या ओढून आणल्या मी. अंधारातून, पावसातून आणल्या. लाव रे, लाव दोर."

"आबा, ही एसटी नाही."

"मग इथं काय घर बांधायचं? लाव रे."

लहानूची अडचण झाली. एक ताई नको म्हणत होती, एक म्हातारे बाबा लाव म्हणत होते. आपल्याकडे अशा वेळी कोणाचे ऐकतात, ते तुम्हाला माहीत आहे. तो खाली वाकला आणि पुढच्या हुकात त्याने दोर ओवला.

रोशनी त्याच्याशी भांडत बसली नाही. तिने बॉनेट उघडले, एका हाताने गाडीचा काठ धरला आणि माझी पट्टी ओढली. रुमालावर पुसली. पुन्हा बुडवून काढली. लाल थेंब यायचा तिथे पिवळट तपकिरी फेस आला होता आणि तो बोटाला चिकटत होता. तिने वास घेतला, पण तिला काही समजले नाही.

वास मागे पोचला. भागीबाईंनी काच खाली केली.

"अहो," त्या म्हणाल्या, "तुमच्या वर्कशॉपच्या कपड्यांचा वास कुठनं येतोय?"

आबा बॉनेटपाशी आले.

"मी म्हणते ते ऐकलं का? किती वर्षं धुतलाय मी तो वास. दोनदा साबण लावला तरी बाहीतनं जायचा नाही. तुम्ही घरी बसलात तेव्हा सुटले त्यातनं. आज ह्या गाडीत कसा आला?"

आबांनी रोशनीच्या हातातली पट्टी घेतली. बोटावर तेल चोळले. नाकाशी नेण्याची त्यांना गरज नव्हती. मी त्यांना खालून पाहू शकत नव्हतो, पण गाडीच्या काठावर त्यांनी टेकवलेला हात मला जाणवत होता.

"नव्वद नंबर," ते म्हणाले. "मीच टाकलं. काल. कमी दिसलं म्हणून."

"तुम्ही?" रोशनी म्हणाली.

"वाटेत अडू नये म्हणून टाकलं गं."

रोशनी रागावेल असे मला वाटले. पण तिने विचारले, "किती टाकलं?"

"अर्धा लिटर. थोडं जास्तच."

"आणि ह्याआधी कधी?"

"नाही. आईशप्पथ."

"मग अजून जळलं नसेल. इंजिन चालू करायचं नाही आता. सगळं काढून धुवावं लागेल."

आबा लहानूकडे वळले. "दोर सोड, बाळा. ती सांगते तसं कर."

लहानूने दोर सोडला. तो उमराण्याचाच असल्याने त्याला सगळे ठाऊक होते. रविवार असल्याने कांद्याचे लिलाव बंद होते आणि बाजारातला माल चढवायचा ओटा मोकळा होता. ओट्याला एका बाजूने उतार होता आणि दुसऱ्या बाजूला ट्रक टेकत. लहानूचा चुलतभाऊ रिकामा ट्रक घेऊन आला. रोशनीने स्टिअरिंग धरले, मला न्यूट्रलमध्ये घेतले, आणि सगळ्यांनी मिळून ढकलत गाडी ओट्यावर आणि ओट्यावरून ट्रकात चढवली. माणसाच्या चालीने एवढेसे ढकललेले मला चालते. आबाही ढकलत होते.

"बघा, शेवटी धक्का मारलाच का नाय!" लहानू म्हणाला, आणि ह्या वेळी रोशनीही हसली. चहा भागीबाईंनी पाजला.

मालेगावात सुट्टी शुक्रवारी असते, त्यामुळे रविवारी गॅरेजे उघडी होती. मुश्ताकभाई नावाच्या मेकॅनिकने गाडी उतरवून घेतली आणि आबांना सरळच सांगितले, "चाचा, ऑटोमॅटिकचं काम माझ्याकडे कमी येतं. खोलतो, धुतो, सील बदलतो. पण तेल कुठलं आणि भरायचं कसं, ते तुमच्याकडे लिहिलेलं असेल तर सांगा."

"मला नको विचारू," आबा म्हणाले. "तिला विचार."

रोशनीने पुस्तकातून तेलाचे नाव वाचून दाखवले. मुश्ताकभाईचा भाऊ ते शोधायला गेला आणि दोन दुकाने फिरून घेऊन आला. माझ्या पोटातून ते घाण मिश्रण परातीत पडले. आबा परातीजवळ उकिडवे बसले होते. त्यांनी तेलात लोहचुंबक फिरवला आणि वर धरून पाहिला. "चुरा नाही फारसा," ते म्हणाले. "वाचलाय." हे त्यांना बरोबर समजत होते. लोखंडाची दुखणी त्यांनी आयुष्यभर वाचली होती.

ताजे लाल तेल आत आले. रोशनी सीटवर बसली, इंजिन चालू केले, ब्रेक दाबून माझा दांडा एकेका खुणेवर सावकाश नेला आणि परत आणला. चालू इंजिनावरच मुश्ताकभाईने पट्टी पाहिली. मग तिने ब्रेक सोडला. मी निघालो. पूर्वीसारखा, हळूच. गॅरेजसमोर तिने एक फेरी मारली आणि मागोमाग दुसरी.

मुश्ताकभाई म्हणाले, की एकदा धुऊन भागणार नाही. दोन दिवसांनी हेही तेल काढून पुन्हा नवे भरायचे आणि तोवर लांब न्यायची नाही. म्हणजे इंदूर मला नव्हतेच. तिघांनी संध्याकाळची बस धरायचे ठरवले. बसची वेळ होईपर्यंत रोशनी आणि आबा गाडीतच बसले होते. भागीबाई आहेराची पिशवी सारखी करत होत्या.

"रखडली गाडी," आबा म्हणाले.

"रखडली."

"अट हरलीस तू."

"अहो!" भागीबाई मागून म्हणाल्या. "जरा तरी लाज!"

"थांब गं, बोलू दे मला." आबांनी माझ्या दांड्यावर हात ठेवला, पहिल्यांदाच. "मी काय विचारलं होतं हिला? वाटेत बंद पडली तर काय करशील. मला रात्री झोप यायची नाही त्यानं. तर आज पडली बंद. आणि मी दोर लावत होतो."

रोशनीने दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरले.

"मी एकटा असतो, तर मालेगावपर्यंत ओढून आणली असती आणि जाळून ठेवली असती. वर म्हटलं असतं, बघा, ही जातच अशी."

"मग फिरतीचं काय?" रोशनीने विचारले. तिचा आवाज मला वरून नाही, स्टिअरिंग घट्ट धरलेल्या तिच्या हातांतून कळला.

"मला काय विचारतेस? कुठलं तेल टाकू, एवढं मला तुला विचारायचं सुचलं नाही." आबा खिडकीबाहेर बघत म्हणाले. "हो म्हणून कळव त्यांना. आत्ताच कळव, बस यायच्या आत."

तिने तिथूनच साहेबांना घरी फोन केला.

ते इंदूरला पोचले तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. "पंगत मात्र सापडली," असे भागीबाईंनी परत आल्यावर मुश्ताकभाईला सांगितले. रोशनीने मला मालेगावहून नाशिकला एकटीने चालवत आणले. आबा आणि भागीबाई एसटीने मागाहून आले. तसे आबांनीच सुचवले होते.

मित्रांनो, आता मी सटाण्याला जातो, कळवणला जातो, सुरगाण्याचा घाट चढतो. शेताच्या बांधापाशी उभा राहतो आणि रोशनी कॅलिपर टेकत कांद्याच्या वाफ्यांतून फिरत असते, तेव्हा मी तापलेले अंग निववत बसतो. जुना झालो आहे. कधीतरी माझेही भंगार होईल, त्याचे दुःख नाही. तुम्हाला एवढेच सांगतो, की यंत्र असो, झाड असो, जनावर असो की माणूस, त्याची हयगय करू नका. आणि काळजी घ्यायला जाल, तेव्हा तुमच्याजवळ काय आहे ते ओतू नका. त्याला काय लागते ते आधी विचारा. डॉक्टरांच्या हयगयीतून मी कसाबसा निभावलो. आबांच्या मायेने मात्र एका दिवसात मरायला टेकलो होतो.

परवाची गोष्ट. रोशनी देवळ्याला निघाली होती. सीटवर बसून तिने डावा पाय उचलून आत घेतला तेव्हा कॅलिपरच्या बिजागरीतून करकर आवाज आला. आबा फाटकाशी उभे होते. ते आत गेले आणि शिवणयंत्राच्या तेलाची कुपी घेऊन आले. गाडीच्या उघड्या दारापाशी वाकले, पण कुपीचे टोपण त्यांनी उघडले नाही.

"हे चालतं का गं ह्याला?" त्यांनी विचारले. "टाकू?"

रोशनीने पाय पुन्हा बाहेर काढला आणि त्यांच्यापुढे धरला.